लाल गाडी आणि राखाडी गाडी

१२ जानेवारी

भाऊजी,

तुमचं मासिक मिळालं. वरच्या पानावर गाड्या एका रांगेत उभ्या केल्यात, शाळेच्या फोटोत पोरं उभी करतात तशा. बुटक्या पुढे, उंच मागे. एकीचेही डोळे मिटलेले नाहीत, हे मात्र छान जमलंय.

लेख दोनदा वाचला. गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या बाईला कळायचं तेवढं कळलं. दोन सिटांची लाल गाडी उभ्या जागेवरून शंभरच्या वेगाला पावणेचार सेकंदांत जाते. चार दारांची राखाडी सेडान साडेचार सेकंदांत, आणि किंमत लालच्या निम्मी. म्हणजे पाऊण सेकंदासाठी माणूस दुप्पट पैसे मोजतो. एवढ्या वेळात मला शिंकसुद्धा पुरी येत नाही. वर तुम्ही लिहिता, पैशाचं मोल पाहिलं तर सेडान घ्या, मनाचं पाहिलं तर लाल घ्या. भाऊजी, तुम्ही मन कधीपासून पाहायला लागलात? तुमच्या लग्नाची बोलणी फिसकटली तेव्हा वजाबाकी करून सांगितलं होतंत की खर्च वाचला.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तुम्ही 'हो वहिनी, हो वहिनी' करता आणि ठेवून देता. कागदाला नुसतं हो म्हणून सुटका होत नाही.

तर ऐका. आमच्या भिंगरीनं तुमच्याकडे अर्ज केलाय. मला विचारलं नाही, सांगितलं. मासिकासाठी ट्रॅकवर गाड्या पळवून बघणारी टेस्ट ड्रायव्हर व्हायचंय, बापाच्या जागी. तुमच्या दादांचीच लेक ती. रांगायला लागल्यापासून एका जागी ठरली नाही, म्हणून तर त्यांनी भिंगरी म्हणायला सुरुवात केली. आता कपाटावरचं त्यांचं हेल्मेट तिनं खाली काढून साबणाच्या पाण्यानं पुसून ठेवलंय. आत त्यांच्या डोक्याचा वास होता थोडा. तोही गेला.

तुमच्या त्या ट्रॅकनं माझ्या घरातला एक माणूस घेतला. वर्ष होत आलं. लाल गाडी घेऊन गेली त्यांना, तुम्हीच दारात येऊन सांगितलंत. दुसरं माणूस मी देणार नाही. निवडीच्या कागदावर शेवटची सही तुमची असते, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणा. कारण काहीही लिहा. उंची कमी पडते, नजर तिरकी आहे, काका विक्षिप्त आहे. पण नाही म्हणा.

वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. लग्नाचा उल्लेख सोडून बाकीच्याचं उत्तर देतो.

पाऊण सेकंद तुम्हाला शिंकेएवढा वाटतो. शंभरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी तुमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत जाते. आणि तो आकडा काही आम्ही हवेतून आणत नाही. सरळ पट्ट्यावर गाडी एकदा जाताना पळवतो, एकदा येताना. वारा एका बाजूचा असतो, जमिनीला डोळ्यांना न दिसणारा उतार असतो. जातानाचा आणि येतानाचा आकडा एकत्र करून मधला काढला, की वारा आणि उतार वजा होतात. उरतं ते गाडीचं स्वतःचं.

भिंगरी मंगळवारी येऊन चाचणी देऊन गेली. मी वरच्या खिडकीतून पाहत होतो. लाल गाडीत जोर इतका असतो की पेडल जरा जास्त दाबलं तर मागची चाकं जागच्या जागी फिरत बसतात. नवशिके सगळे तिथेच फसतात. ही फसली नाही. दिवा लागल्यावर पाय हलायला किती वेळ लागतो तेही यंत्रावर मोजतात. इथे आजवर मोजलेल्यांत ती दुसरी आली. पहिला दादा होता, तरुणपणी. हे मी तिला सांगितलं नाही.

मुलाखतीत ती म्हणाली, 'माझे वडील या ट्रॅकवरचे सगळ्यात वेगवान ड्रायव्हर होते. लाल गाडीतच गेले. मला तीच गाडी हवी.' समितीतली माणसं टेबलाकडे बघत राहिली. मीही.

नाही म्हणायला मला कारण लागेल, आणि तिच्यात खोट नाही. तुम्हीच समजवा तिला. तुमच्या जिभेपुढे इथली कुठलीही गाडी टिकणार नाही.

तुमचा,
भाऊजी


२७ जानेवारी

भाऊजी,

समजावलं. तुम्ही म्हणालात तसं जीभ वापरली. पोरगी समोर बसून शांतपणे नखं कापत होती. मी म्हटलं, तुझा बाप वेगापायी गेला. ती म्हणाली, 'बाबा त्यांना आवडायचं ते करता करता गेले. किती जणांना असं मिळतं?'

हे वाक्य तिचं नाही, भाऊजी. वर्षभर लोकांनी येऊन आमच्या घरात ठेवलेलं वाक्य आहे हे. येणारा प्रत्येक जण चप्पल काढायचा, पाणी प्यायचा, आणि उठताना हेच ठेवून जायचा. मीही मान हलवायचे. दुसरं काय करणार? पाहुण्याशी काय वाद घालायचा असतो? पोर कोपऱ्यात बसून ऐकत होती, ते माझ्या लक्षात आलं नाही. आता ते वाक्य तिच्या तोंडात असं फिट बसलंय, की काढायला गेलं तर दात निघेल.

मी शिवायला जाते त्या दुकानात परवा तशीच एक बुटकी गाडी आली, सीट कव्हर बदलायला. तुम्हाला माहीतच आहे, मालक मला मापं घ्यायला आत बसवतो. त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. उतरले तर खरी, वर काही येता येईना. शेवटी मालकानं एका हाताला धरलं, गिऱ्हाइकानं दुसऱ्या हाताला. मालक विचारतो कसा, 'बाई, याचं भाडं घेऊ का?' मी म्हटलं, घे, आणि खाली एक उशी शिवून दे, इथेच राहते. सगळे हसले. मी पण हसले. मग माप घ्यायला टेप लावला तर आकडा काही वाचता येईना. दोनदा डोळे पुसावे लागले. मालक दुसरीकडे बघून उगीचच दोरे आवरत बसला.

बरं, एक विचारते. घ्यायचंच झालं तिला, तर सेडानवर ठेवता येईल का? चार दारं, मागे डिकी, शाळामास्तरासारखी दिसते. तिच्यात तर माणसाचं काही होत नसेल ना?

वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

सेडानबद्दल विचारलंत, म्हणून लिहितो.

ती बाहेरून मास्तर आहे, आतून पैलवान. वजन लालपेक्षा पुष्कळ जास्त. तेवढं वजन पळवायला इंजिन तगडं लागतं, आणि थांबवायला जागा जास्त लागते. लालमध्ये माणूस सावध असतो. तिचा आवाजच तसा आहे, जमीन खाली खरवडत जाते, हाडं वाजतात. राखाडीत काही ऐकू येत नाही. घरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं आणि मन दुसरीकडे जातं. कमी पैशांत जवळपास तेवढाच वेग, घरच्या चार माणसांना जागा, वर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मोल म्हणाल तर तिचंच जास्त, हे मी छापलंय आणि ते खरं आहे. पण बिनधोक नाही. सेडान बिनधोक असती, तर दादा

जेवणाची घंटा झाली. इथे थांबतो. पुढच्या अंकाचं काम अंगावर आहे, काही दिवस लिहिणं जमणार नाही.

भाऊजी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

घंटा झाली म्हणून माणूस वाक्य अर्धं टाकून उठतो, हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. आणि उठलात तर उठलात, पाकिटात घालायच्या आधी पुरं तरी करायचं होतंत. का घंटा वाजतच होती?

जाऊ द्या. ते वाक्य मी पुरं करते. तुमचे दादा लाल गाडीत गेले नाहीत. राखाडीत गेले.

घाबरू नका, कोणी चुगली केलेली नाही. मला आधीपासून माहीत आहे. लाल गाडी चालवायचे तेव्हा रोज कमरेवर हात ठेवून, डावीकडे वाकून घरी यायचे. मी तेल चोळायचे. मग एकाएकी सरळ चालत यायला लागले, एखाद्या नवऱ्या मुलासारखे. तेव्हाच ओळखलं की यांना लालवरून काढलंय आणि उंच गाडीवर बसवलंय. म्हटलं बघू, कधी सांगतात. रोज दारातच विचारायचे, 'काय हो, आज कंबर एवढी तरुण कशी?' ते म्हणायचे, 'नवीन मलम आहे.' मी म्हणायचे, मला पण द्या, माझी पण तरुण होऊ दे. असं बरेच दिवस टोकल्यावर ते परत वाकून यायला लागले. पण भाऊजी, आता उजवीकडे वाकायचे. नाटक करायलासुद्धा अक्कल लागते. तोंडात पदर कोंबून हसायचे मी, मोरीत जाऊन. खोटं कशाला बोलू, फार मजा येत होती. म्हटलं सुट्टीच्या दिवशी पकडीन. सुट्टीचा दिवस यायच्या आधी तुम्ही आलात, आणि दारात उभं राहून लाल गाडी म्हणालात. मी म्हटलं, माणूस गेल्यावर रंगावरून काय भांडायचं.

पण आता भांडायची वेळ आलीय. पोरीला ते लाल गाडीतले बाबा हवेत, म्हणून ती धावतेय. तिला खरं सांगा. बापाचा पाय हळू झाला असणार, त्याला राखाडीवर उतरवलं होतं, आणि तो तिथेच गेला. हे कळलं की तिचं वेड उतरेल. मी सांगून उपयोग नाही. ती म्हणेल, आई मला घरात ठेवायला काहीही रचतेय. माझी ख्याती तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आकडेवाले. तुम्ही सांगा.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र बरेच दिवस टेबलाच्या खणात होतं. रोज खण उघडायचो आणि बंद करायचो.

तुम्ही सगळं लिहिलंत, तर मीही लिहितो. दादाचा उजवा गुडघा धरला होता. दिवा लागला की पाय उचलायला वेळ लागायचा. थोडाच, पण लालमध्ये तो थोडाही चालत नाही. साहेबांनी राखाडीवर बदली केली. पगार तोच, ट्रॅक तोच.

त्या दिवशी तर चाचणीही नव्हती. पेट्रोल भरून येत होता, ट्रॅकबाहेरच्या साध्या रस्त्यावरून, भाजी आणायला निघालेल्या माणसाच्या वेगानं. नाक्यावर खडीचा ट्रक ब्रेक न लागल्यामुळे आडवा आला आणि त्याच्या दारावर आदळला. कुठलीही गाडी असती तरी हेच झालं असतं. मी एवढी वर्षं गाड्यांचे आकडे लावतो, पण त्याच्या जाण्याला एकही आकडा लावता येत नाही. ते मला सहन होत नाही.

लाल का सांगितलं, ते ऐका. तुम्ही दारात होतात, मागे भिंगरी. मला त्याचंच बोलणं आठवलं. बदली झाली त्या संध्याकाळी तो मला म्हणाला होता, 'घरी बोलू नकोस. तुझ्या वहिनीला कळलं तर म्हातारा म्हातारा म्हणून चिडवून जीव घेईल माझा.' हसत म्हणाला. मीही हसलो. पण मग रोज घरी निघायच्या आधी तो गेटपाशी थोडा थांबायला लागला. एकदा मी विचारलं, काय करतोस? म्हणाला, 'आज कुठल्या कमरेनं जायचं ते ठरवतोय.' तेव्हा मला कळलं नाही. तुमचं पत्र वाचून कळलं. इथल्या सगळ्यांना मी गप्प राहायला सांगितलं, आणि त्याच्यावरच्या मायेनं सगळे गप्प राहिले.

हे तुम्हाला लिहावं की नाही, यातच इतके दिवस गेले. भिंगरीला या आठवड्यात सांगतो.

भाऊजी


९ मार्च

वहिनी,

तुमचं उत्तर आलं नाही. मला ते अपेक्षित होतं.

भिंगरीला सांगितलं. कॅन्टीनमध्ये, दुपारी, गर्दी ओसरल्यावर. ती पाण्याच्या बाटलीचा कागद सोलत ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, 'किती हळू झाला होता पाय?' मी म्हटलं, डोळ्याची पापणी लवते, त्याहूनही कमी. 'एवढ्यासाठी?' म्हणाली. मग उरलेला कागद सोलून त्याची गोळी केली. मला वाटलं, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

मग म्हणाली, 'म्हणजे बाबा वेगानं गेले नाहीत.'

मी म्हटलं, नाही.

'मग आईला माझ्या गाडी चालवण्याची भीती कशाची? भाजी आणायला जाणारा माणूस गेला तो. उद्या मी बँकेत नोकरी धरली तरी नाका तोच आहे.'

 याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर लिहा. आपण तिच्या हातातून लाल गाडी काढायला गेलो आणि तुमच्या हातातली ढाल निघाली.

उठताना म्हणाली, 'लाल नको. मला राखाडी द्या, काका. ती कोणी मागत नाही ना? मी मागते.'

कागद माझ्यापुढे आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही लिहीन. कारण शोधीन. पण ते तिच्यापासून लपवावं लागेल, तुम्हाला आणि मला, आपण आहोत तोवर. एक लपवून मी दमलोय. तरी तुम्ही सांगाल तसं करीन.

भाऊजी


१४ मार्च

भाऊजी,

सही करा.

तुमचं आधीचं पत्र आलं तेव्हा मी दुकानात नेऊन वाचलं, मशीनवर बसून. वाचून झाल्यावर त्याच हातानं शिवण घातली आणि ती सगळी वाकडी गेली. मालकानं उसवून परत दिली, काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं. आता दुकानात कोणी माझी थट्टा करत नाही आणि मी कोणाची करत नाही. नुसती मशीन चालते.

तुमच्या दुसऱ्या पत्राच्या आधीच भिंगरी आली होती. दारातच उभी राहिली, बूट न काढता. म्हणाली, 'आई, काकांनी सगळं सांगितलं. मी राखाडी मागितलीय.' आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आत यायचं की मागे फिरायचं ते ठरवत. तेव्हा तिचं तोंड हुबेहूब त्यांच्यासारखं झालं होतं, मलमाचं सांगताना व्हायचं तसं. ओठाचा एक कोपरा वर. मला वाटायचं ते हसू आहे. ते हसू नव्हतं, भाऊजी. माणूस भ्याला की तुमच्या घरात तोंड तसं होतं. एवढी वर्षं समोर बसून जेवले मी त्यांच्या, आणि मला ते वाचता आलं नाही. पाठ वाचली, तोंड नाही.

माझ्या जिभेवर आलं होतं काहीतरी. मास्तरीणबाई झालात का, डिकीत खडू ठेवा, असलं काहीतरी. आलं आणि गेलं. मी म्हटलं, हात धू, जेवायला बस.

ती बसली. मी वाढलं. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाली, 'चिडव की, आई.' मी वाटीत आमटी घालत राहिले. परत म्हणाली, 'काहीतरी बोल ना. अशी नको बसूस.' मी म्हटलं, आमटी गार होईल. मग तिनं ताट उचललं आणि घासून ठेवलं, माझंही ठेवलं, आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटलं नाही. उघडंच ठेवलं. मीच गेले नाही.

माझी भीती गेली म्हणून सही करा म्हणतेय, असं समजू नका. उलट ती पसरलीय. लाल गाडीला भ्यायचं असं ठरलं होतं तेव्हा बाकीचे रस्ते मोकळे होते. आता कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाताना पण मी भिंत धरून चालते. नाही म्हणायला मला अजूनही आवडेल. पण तुम्ही नाही म्हटलंत तर ती दुसऱ्या कुठल्यातरी ट्रॅकवर जाईल, आणि जाईल ते मला न सांगता. संध्याकाळी येऊन सांगेल, बँकेत होते. आणि मी तिच्या चालण्याकडे बघत बसेन. ते मी एकदा केलंय. बापाला जे सांगता आलं नाही ते पोरीनं दारात उभं राहून सांगितलं, एवढं तरी तिच्याकडून काढून घेऊ नका.

तुमच्या लग्नाचं मी येता-जाता उकरून काढते. तुम्ही गाळून उत्तर देता. यापुढे नाही काढणार. आधी सांगायचं होतंत, लागतं म्हणून.

त्यांनी मला सांगितलं असतं तर मी चिडवलं असतंच. म्हातारबा म्हटलं असतं, काठी आणून दिली असती, शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवलं असतं. चार दिवस नुसता उच्छाद मांडला असता. पाचव्या दिवशी थांबले असते. एवढंच त्यांना माहीत नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नाही.

वहिनी